दिनानाथजींची चौथ आणि मी

मी सुमेधाचा प्रोग्राम बोलतोय. जेमतेम वीसेक ओळींचा जीव, पण हाती घेईन ते काम फत्ते. एका तऱ्हेनं लिहिलेली फाईल घ्यायची आणि दुसऱ्या तऱ्हेनं मांडून द्यायची, हा माझा धंदा.

सत्त्याण्णव सालच्या थंडीतला जन्म माझा. काशीत बालाजी घाटाजवळ राहणाऱ्या विश्वेश्वर गुरुजींच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. पट्टी बांधलेल्या माणसानं यजमानांच्या श्राद्धतिथी बघायच्या कशा? म्हणून त्यांच्या मुलीनं, सुमेधानं, त्यांना विचारून सगळं कॉम्प्युटरवर टाइप केलं. नाव, गाव, महिना, पक्ष, तिथी, मध्ये स्वल्पविराम. पण तारखा काढणारा पंचांगाचा प्रोग्राम पडला पुण्याचा. त्या साहेबांना स्वल्पविराम चालेनात, प्रत्येक गोष्ट नेमल्या जागीच हवी. गावाला तर जागाच नव्हती.

"गाव कशाला हवंय?" म्हणत सुमेधानं मला लिहिलं. मी गाव गाळलं आणि बाकीचं झरझर लावून दिलं.

मग दिनानाथजी आले. रेल्वेतून रिटायर झालेले, पक्के बनारसी. तिथीवार सगळं बायको सांभाळायची. ती गेल्यापासून गुरुजी सांगतील तो दिवस. आता ते कायमचे कलकत्त्याला मुलाकडे निघाले होते. त्याआधी वडिलांचं श्राद्ध एकदा काशीत हातून व्हावं, एवढीच त्यांची इच्छा. सुमेधानं कागद बघितला. माघ कृष्ण चतुर्थी, म्हणजे फेब्रुवारीची अखेर.

"इस बार इतनी देर से, बिटिया?"

"मशीन ने निकाला है, चाचाजी."

"तब तो हम यहाँ रहेंगे नहीं. टिकट कट चुका है." म्हातारा मान खाली घालून गेला. गुरुजी आत झोपले होते.

चार-पाच दिवसांनी सकाळी शेजारीण खलबत्ता मागायला आली. "तिल कूटना है. आज सकट है न, माघ की चौथ."

"माघ? बाबा, अजून पौष चाललाय ना?"

"आपला पौष," गुरुजी आतून म्हणाले. "आपला महिना अमावास्येला संपतो, यांचा पौर्णिमेला. वद्य पक्षात हे लोक एक महिना पुढे."

म्हणजे दिनानाथजींच्या वडिलांची चौथ आजच होती. पुण्याच्या साहेबांनी दिनानाथजींचा माघ मराठी समजून मोजला होता! सुमेधा तशीच धावत सुटली. दिनानाथजी वळकटी बांधत होते, संध्याकाळची गाडी होती.

दुपारी घाटावर श्राद्ध झालं. डोळ्यांना पट्टी असलेल्या गुरुजींनी मंत्र म्हटले, सुमेधा एकेक वस्तू हाताशी देत गेली. पिंड ठेवताना दिनानाथजी लहान मुलासारखे रडले, असं ती घरी येऊन सांगत होती.

चूक माझी म्हणाल तर मी मुळीच ऐकून घेणार नाही. सांगितलं तेवढं मी चोख केलं. त्याच संध्याकाळी सुमेधानं मला गाव वाचायला शिकवलं: माणूस इकडचा आणि पक्ष कृष्ण, तर महिना एक मागे. तेव्हापासून कुणाची तिथी हुकलेली नाही.

आता नव्व्याण्णव साल. पंचांगाच्या नव्या प्रोग्रामला माझी गरज नाही; मी फ्लॉपीत पडून असतो. खुशाल पुसून टाका मला. फक्त माझ्या जागी जो येईल त्याला माणसाचं गाव गाळू देऊ नका, एवढंच मागणं.

जुन्या यजमानांची यादी माझ्याच फ्लॉपीत आहे, म्हणून गेल्या महिन्यात मात्र तिनं मला पुन्हा बाहेर काढलं. कलकत्त्याहून दिनानाथजींच्या मुलाचा फोन होता. "पिताजी नहीं रहे. उनकी तिथि लिख लीजिए."

सुमेधानं महिना विचारला, पक्ष विचारला, तिथी विचारली. गाव विचारलं नाही. तिनं आपणच टाइप केलं: काशी.