दोन उपासना

चर्चचे चिटणीस बेकरीत शिरले तेव्हा मधलीचे हात कोपरापर्यंत पिठात होते. तिने मानेनेच स्टूल दाखवलं, पण ते बसले नाहीत. चांगली बातमी उभ्यानेच सांगायची, असा त्यांचा स्वभाव.

"वहिनी, उद्याच्या रविवारपासून प्रभुभोजनात मोडून वाटायला दोन भाकरी लागतील," ते म्हणाले.

"दोन? माणसं वाढली की काय?"

"माणसं तेवढीच. उपासना दोन केल्यात. पहिली लवकर, दुसरी उशिरा. तुमच्या थोरल्या ताईंच्या बाजूचे लोक पहिलीला, धाकटीच्या बाजूचे दुसरीला. मधे चांगला अर्धा तास मोकळा ठेवलाय, म्हणजे दारातसुद्धा गाठ पडायला नको." ते स्वतःवरच खूश होऊन हसले. "पंचांच्या बैठकीत एकमताने ठरलं. पाळकांचं जरा तळ्यात-मळ्यात चाललं होतं, पण शेवटी तेही हो म्हणाले. वर्षभराची कटकट एका बैठकीत मिटली. याला म्हणतात शहाणपण!"

मधलीने पिठाचा गोळा उचलला आणि फळीवर असा काही आपटला की चिटणिसांच्या कोटावर पांढरा फवारा उडाला.

"मिटली?"

"म्हणजे, आता भांडायला समोर कुणी येणारच नाही ना."

"अस्सं," मधली म्हणाली आणि पुन्हा पीठ मळायला लागली. चिटणीस कोट झटकत निघून गेले.

तीन बहिणींतली दुसरी, म्हणून तिला लहानपणापासून सगळे मधलीच म्हणत. नवरा म्हणे, गिऱ्हाइकं म्हणत, चर्चमधली झाडून सगळी माणसं म्हणत. आणि गेलं वर्षभर ती खरोखरच मधे उभी होती. आई शेवटची काही वर्षं थोरलीकडे अंथरुणाला खिळलेली होती. तिचं सगळं थोरलीने केलं आणि मनापासून केलं, यात कुणाचं दुमत नव्हतं. आईची तब्येत एकाएकी ढासळली, तेव्हा "सकाळपर्यंत उतार पडेल" या डॉक्टरांच्या बोलण्यावर थोरली विसंबली आणि तिने कुणालाच कळवलं नाही. सकाळी आई गेली. मधली रडली आणि गप्प बसली. धाकटी गप्प बसणाऱ्यातली नव्हती. "शेवटचं बघूसुद्धा दिलं नाहीस," असं ती दफनभूमीच्या फाटकात चारचौघांसमोर म्हणाली. थोरलीही भरलेलीच होती. "बघायचं होतं तर ती जिवंत असताना यायचं होतंस," ती म्हणाली. झालं! त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद.

घरातलं भांडण घरात राहिलं असतं तरी पुष्कळ होतं. पण दोघींचे नवरे पंच, दोघींची सासरं चर्चमधली जुनी घराणी. बघता बघता अर्धे लोक खिडकीकडच्या बाकांवर सरकले आणि अर्धे भिंतीकडच्या. गाणाऱ्यांचे सूर जुळेनात. सहलीच्या दोन बस झाल्या आणि दोन्ही अर्ध्या रिकाम्या गेल्या.

मधली मात्र दोघींना धरून राहिली. थोरलीकडे गेली की थोरलीच्या हो ला हो, धाकटीकडे गेली की धाकटीच्या. इकडचं तिकडे केलं नाही, तिकडचं इकडे केलं नाही. एकदा पाळकांनी भर उपदेशात तिचं कौतुक केलं, की अशी शांती करणारी माणसं हवीत. तेव्हा तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शांती तिने कुठे केली होती? तिने फक्त आवाज होऊ दिला नव्हता.

दुपारी हात धुऊन ती थोरलीकडे गेली. थोरली पडदे उतरवत होती.

"बरं झालं बाई," थोरली म्हणाली. "आता निदान देवाच्या घरात तरी तिचं तोंड बघायला नको. तू पहिल्या उपासनेला येणार ना?"

मधलीने पडद्याच्या घड्या घातल्या. "बघते," म्हणाली.

धाकटीने तर दार उघडता उघडताच विचारलं, "मधलीताई, तू दुसरीला असशील ना? का ताईच्याच मागे मागे जाणार?"

"बघते गं."

"यात बघायचं काय? मी तुझ्यासाठी जागा धरून ठेवणारे."

येताना मधली रस्त्याने पाय ओढत चालली. दोघी भांडत होत्या तोवर ठीक होतं, असं तिला वाटायला लागलं आणि स्वतःच्याच विचाराचं नवल वाटलं. पण खरंच होतं ते. दर रविवारी थोरली खिडकीजवळ बसलेल्या धाकटीकडे डोळे वटारून बघायची. धाकटी तिला ऐकू जाईल अशा बेताने पुटपुटायची. राग होता, म्हणजे काहीतरी होतं. उद्यापासून एक आत शिरेल तेव्हा दुसरी घरी चहा पीत असेल. वर्षभरात सवय होईल, मग राग येणंही थांबेल आणि पोरं रस्त्यात एकमेकांना ओळख देणार नाहीत. आणि हे सगळं इतकं शांतपणे होईल की पंच स्वतःची पाठ थोपटून घेतील.

बेकरीचा मालक, म्हणजे मधलीचा नवरा, संध्याकाळी भट्टीतली राख काढत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि तोडगा काढला. तोडगे काढण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"यात काय अवघड आहे? तू दोन्हीला जा. पहिलीला बस, मधे घरी येऊन चहा पी, मग दुसरीला बस. दोनदा आलीस म्हणून देव काही हाकलून देणार नाही."

"आणि भाकरी?"

"दोन भाज. पीठ आपलं, भट्टी आपली. अगं, जगात राहायचं तर जगासारखं वागावं लागतं. तुझ्या बहिणी आहेत, वर गिऱ्हाइकं आहेत. कशाला वाईटपणा घ्यायचा?"

मधलीला त्याचा राग आला नाही. तिने स्वतः वर्षभर हेच तर केलं होतं. ती उठली, दुसऱ्या दिवसाच्या भाकरीचं पीठ काढलं आणि परातीवर हात ठेवून प्रार्थना करायला लागली. प्रार्थना कसली, ती देवाला फडाफडा बोललीच. तुझ्या मेजाचे दोन तुकडे करायला माझेच हात सापडले का तुला, म्हणाली. मला दोघी हव्यात, एकीलाही सोडायची माझी हिंमत नाही, हेही म्हणाली. शेवटी डोळे पुसून तिने एकाच भाकरीचं पीठ मळलं.

रविवारी पहिल्या उपासनेला ती नवऱ्याबरोबर मधल्या वाटेच्या कडेला बसली. मांडीवर पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली भाकर होती. एरवी ती बाजूच्या दाराने आधीच येऊन भाकर मेजावर मांडून ठेवायची. आज ती मांडीवर का, हे कुणी विचारलं नाही. गाणी झाली, उपदेश झाला. पाळक मेजापाशी गेले, वरचं कापड उचललं. प्याला होता, ताटली रिकामी होती.

पाळक वयाने लहान होते, ते गोंधळले. "भाकर राहिली का?" त्यांनी हळूच विचारलं.

"राहिली नाही. ही काय," मधली उभी राहत म्हणाली. "एकच केलीय. सगळे आले की मांडते."

"सगळे म्हणजे?" पहिल्या बाकावरून चिटणीस वळले.

"सगळे म्हणजे सगळे. दुसऱ्या उपासनेचेही."

नवऱ्याने तिचा पदर ओढला. तिने सोडवून घेतला. बाकांवर एकच कुजबुज उठली.

"वहिनी, बैठकीत ठरलंय हे. एकमताने."

"तुमचं एकमत तुम्ही जपा. माझ्या हाताने मी दोन करणार नाही."

"अहो, मग पावाचं पाकीट आणू कोपऱ्यावरच्या दुकानातून. त्यात काय एवढं?"

"आणा की," मधली म्हणाली. "तिथे पाव माझ्याच बेकरीतून जातो. काल मी पाठवलाच नाही."

"तरीच!" नवरा नकळत मोठ्याने बोलून गेला आणि मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. पण बाकीच्यांना हसू येत नव्हतं. ही कोण आम्हाला अडवणारी, असं एक म्हातारे पंच म्हणाले. पंचांनी प्रार्थना करून ठरवलंय, असं दुसरे म्हणाले. प्रार्थना आधी झाली की निर्णय आधी झाला, असं कुणाच्या तरी बायकोने विचारलं आणि मग जी जुंपली! चर्चमध्ये वादाला तोंड फुटलं की अर्धा तास कुठल्या कुठे जातो. पाळक मात्र वादात पडले नाहीत. ते मेजाशेजारच्या खुर्चीवर बसले.

"मी थांबतो," ते म्हणाले. त्यांचा आवाज फारसा मोठा नव्हता, पण ऐकणाऱ्यांनी ऐकला.

थोरली ताडकन उठली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. "मी चालले घरी. मधले, तुझा तमाशा तुलाच लखलाभ."

ती तरातरा दाराकडे निघाली. मधली भाकर घेऊन तिच्या मागोमाग गेली आणि तिच्यामागे अर्धं चर्च. बाहेर पायऱ्यांवर धाकटी वर येत होती, पाठीमागे तिच्या बाजूची माणसं. थोरलीला समोर बघून ती जागच्या जागी थबकली, वळायलाही लागली.

"थांब!" मधली ओरडली. आयुष्यात ती एवढ्या मोठ्याने कधी बोलली नव्हती. "दोघीही ऐका. आज एकत्र बसायचं. नाहीतर माझ्या हातची भाकर नाही, आजही नाही आणि पुढेही नाही. आणि मी तुमच्या कुणाच्याच घरी येणार नाही. मला विचारत होतात ना, तू कुठल्या उपासनेला? वर्षभर मी दोघींची होते. आता एकीचीही नाही. एकत्र राहणार असाल तर मी आहे, नाहीतर मला बहिणीच नाहीत, समजा."

मधलीला वाटलं, संपलं. दोघीही गेल्या हातातून. तरी ती मागे सरली नाही.

मग धाकटीचा बांध फुटला. "तू कोण गं आम्हाला अटी घालणारी? वर्षभर माझ्याकडे येऊन हो हो करत होतीस आणि आज चारचौघांत माझी शोभा करतेस?"

"तेच म्हणतेय मी!" थोरली गरजली. "माझ्याकडेही हेच. पडद्याच्या घड्या घालत होती काल, गरीब गाईसारखी. मनात हे शिजत होतं!"

"काल? काल माझ्याकडेही आली होती. बघते म्हणाली."

"मलाही बघते म्हणाली!"

"ही लहानपणापासून अशीच. वरून साधी, आतून हट्टी."

"हट्टी म्हणजे? तापात औषध थुंकून टाकायची. मला धरायला लागायचे हिचे पाय, आठवतंय ना?"

"आणि मला नाक," धाकटी म्हणाली. "आईच्या अंगावर उडायचं सगळं."

आईचं नाव निघालं तशा दोघी क्षणभर अडखळल्या. धाकटीचा आवाज ओला झाला होता, पण थांबली असती तर ती धाकटी कसली? ती आणखी एक पायरी वर चढली, थोरलीच्या शेजारी आली आणि मधलीकडे बोट रोखून म्हणाली, "सांग ना ताई तिला. माझं कधी ऐकलंय तिने?"

वर्षभरात तिच्या तोंडून निघालेलं हे पहिलं "ताई". थोरलीच्या लक्षात आलं की नाही, कुणास ठाऊक. तिने कमरेवर हात ठेवून सांगायला सुरुवातही केली होती.

पाळक गर्दीतून वाट काढत आले. त्यांनी काही न बोलता मधलीच्या हातातली भाकर घेतली आणि आत जाऊन मेजावर ठेवली. मागून एकेक करून माणसं आत सरकायला लागली. पाहिजे त्या बाकावर बसायला लागली.

नवऱ्याने मधलीच्या कानाशी तोंड नेलं. तो घाबरून गेला होता. "झालं तेवढं पुरे. दोघी चिडल्यात. माफी माग आणि मोकळी हो."

मधलीने समोर पाहिलं. दोघी एकाच पायरीवर उभ्या होत्या, दंडाला दंड लागलेला, आणि दोघींचेही डोळे तिच्यावर रोखलेले. पुढे कितीतरी दिवस दोघी तिला धड बोलू देणार नाहीत, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

"नाही मागत माफी," ती दोघींना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. "काय करायचं ते करा."

"बघितलंस?" थोरली धाकटीला म्हणाली, आणि दोघींनी पुन्हा एकदम तोंड सोडलं.