चिमणीच्या हृदयातला भोवरा

"तिच्या हृदयात भोवरा दिसतोय," एवढं फोनवर ऐकलं आणि चिमणीच्या आईने पुढचं न ऐकताच फोन ठेवला. भोवऱ्यात सापडलेलं बाहेर येत नाही, एवढं तिला ठाऊक होतं.

चिमणी सहा महिन्यांची असताना तिच्या हृदयाची झडप दुरुस्त केली होती. आता ती साडेतीन वर्षांची झाली, तरी आई तिला पळू देत नसे. जिना चढली की तिचे श्वास मोजत बसे. पुन्हा ऑपरेशन लागणार का, हे ठरवण्यासाठी डॉक्टरांनी स्कॅनवरून तिचं हृदय संगणकात हुबेहूब उभं करायला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या संगणकखोलीत आईने एका हाताने सासूबाईंचं मनगट धरलं होतं, दुसऱ्याने चिमणीची खुर्ची. खुर्ची गोल फिरणारी होती, म्हणून. सासूबाई शेवटी म्हणाल्याच, हात आहे गं माझा, दोरखंड नव्हे.

संगणकवाल्या बाईंनी कळ दाबली. पडद्यावर हृदय धडधडू लागलं. रक्ताच्या रंगीत रेषा झडपेतून आत आल्या आणि खाली जाता जाता गोल वळल्या. आईने खुर्ची आणखी घट्ट धरली.

"हाच का तो?"

"हाच. आणि हा नसता, तर मला घोर लागला असता," बाई म्हणाल्या. "रक्त सरळ भिंतीवर आपटलं असतं, विखुरलं असतं. हे बघा, कसं ऐटीत वळण घेऊन बाहेरच्या वाटेला लागलंय. निरोगी हृदयात असंच होतं. काल मी फोनवर हेच सांगत होते, तर तुम्ही मध्येच ठेवलात."

डॉक्टरांनीही सकाळीच पाहिलं होतं. ऑपरेशन नको, वर्षातून एकदा दाखवा म्हणजे झालं, असा त्यांचा निरोप होता.

आईला हसू आवरेना आणि रडूही. सासूबाईंनी पदराने आधी सुनेचे डोळे टिपले, मग स्वतःचे. अर्धं ऐकलंस नि रडलीस मात्र पुरतं, असा टोला हाणून त्यांनी नातीच्या केसांतून हात फिरवला. "डोक्यावर दोन भोवरे आहेतच पोरीच्या. तिसरा आत दडवून ठेवला होता लबाडीने."

चिमणीला यातलं एवढंच कळलं की आज कुणी रागावणार नाही. तिने जमिनीकडे पाय लांबवले; पोचले नाहीत.

"आई, फिरव ना."

'हळू' हा शब्द आईच्या ओठांपर्यंत आला होता. तो तिने गिळला, खुर्चीची पाठ सोडली आणि मग स्वतःच जोरात एक गिरकी दिली.