शिळा गाळ

मलाक्काच्या सामुद्रधुनीत मधलं खोल पाणी आगबोटींचं. आम्ही शिडवाले कडेकडेनं जाणार. मध्ये घुसलो तर आगबोट आम्हाला चिरडून जाईल आणि तिच्या कप्तानाला पत्ताही लागणार नाही.

आमचा नाखवा पाक लोंग दारुस, म्हणजे माझ्या आईचा थोरला भाऊ. त्यांच्या डोळ्यांत पडदा आला होता, पण गलबत ते चालवायचे जिभेवर. मी पुढे नाळेवरून शिशाचा गोळा दोरीनं तळाला सोडायचा, किती वाव पाणी ते ओरडायचं आणि गोळ्याच्या बुडाला चिकटलेला गाळ त्यांच्या हातावर नेऊन ठेवायचा. ते तो बोटांत चोळत, चाखत, थुंकत आणि सुकाणू वळवत. वाळू कचकचली की बाहेर, मऊ काळा गाळ लागला की आत.

मालकानं बजावलं होतं, म्हातारा एकदा जरी चुकला तरी घरी बसवीन. आणि घरी बसून हा माणूस करणार काय? जमिनीवर त्यांना धड बाजारातून परतही येता येत नसे.

त्या दुपारी बेंकालिसहून सागोचं पीठ भरून आम्ही रुपात बेटाच्या कडेनं चाललो होतो. सकाळपासून दोरी ओढून माझ्या तळहातांची सालं निघाली होती. तेवढ्यात एक पांढरी आगबोट गेली, उतारूंनी भरलेली.

"बिदिन, ती लाल छत्रीवाली तुलाच हात करतेय," आमचा स्वयंपाकी सहाक म्हणाला. "जा पोहत!"

"तुझ्या हातचं खाण्यापेक्षा ते बरं!"

"बिदिन!" मागून पाक लोंग ओरडले. "डोळे माझे गेलेत की तुझे? पाणी किती?"

मला राग आला. मघाचा गाळ फळीवर पडला होता. गोळा सोडलाच नाही, तोच चिमटीत उचलला. "सात वाव! गाळ!"

पाक लोंगनी तो चाखला. जरा थांबले. "आत्ताचाच ना रे?"

"आत्ताचाच, पाक लोंग."

त्यांनी सुकाणू आत वळवलं. थोड्याच वेळात बुडाखाली करकरलं. ओहोटी लागलेली; गलबत कुशीवर कललं, फळ्या उसवल्या, निम्म्या पिठाची लापशी झाली. पाक लोंगनी वाकून पाण्यात हात घातला आणि मूठ तोंडाशी नेली.

"वाळू आहे," ते म्हणाले. "सहाक, वाळू आहे रे. मला कळलीच नाही."

मी दोरी धरून उभा. 'मी खोटं बोललो,' एवढंच म्हणायचं होतं. एवढा तीस वर्षांचा घोडा, पण मी दोरीच गुंडाळू लागलो. भित्रा होतो मी, दुसरं काही नाही.

मालकानं त्यांना घरी बसवलं. नवा नाखवा कोणाला करू असं त्यानं विचारलं, तेव्हा पाक लोंगनीच माझं नाव सांगितलं. म्हणाले, "पोरगा सरळ आहे."

ईदला आमच्यात थोरांच्या हातावर डोकं टेकून म्हणतात, उघड किंवा मनात जे चुकलं असेल ते माफ करा. फार सोयीचं वाक्य. काय चुकलं ते सांगावंच लागत नाही. दोन ईदा मी त्याच्याच आड लपलो. तिसऱ्या वर्षी मात्र डोकं टेकल्यावर वर उचलवेना, आणि तसाच खाली तोंड घालून सगळं सांगून टाकलं.

त्यांनी हात काढून घेतला नाही.

"कोरडा होता तो," ते म्हणाले. "जिभेला लगेच कळलं, शिळा आहे. म्हणून तर विचारलं तुला. तू 'आत्ताचाच' म्हणालास, तेव्हा वाटलं, गेली माझी जीभ."

माक लोंगनी, म्हणजे मामींनी, मटण वाढून ताटं पुढे ठेवली. मी पहिला घास घेतला. मिठाचा कण नव्हता. पाक लोंग मुकाट्यानं जेवत होते.

"मीठ राहिलंय ना?" मी विचारलं.

"राहिलंय?" त्यांनी घास हातातच धरला. "तीन वर्षं झाली, अळणी लागलं तरी मी काही बोलत नाही. वाटतं, आपलंच चुकत असेल."