हिवराखालचं गवत

मी हिवर बोलतोय. बाभूळ नाही, हिवर! येणारा-जाणारा प्रत्येक जण मला बाभूळ म्हणतो, तिथंच माझं डोकं फिरतं. सिन्नरच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून जरा आत, एका उघड्या माळावर मी उभा आहे.

माझा जन्म मेंढीच्या लेंडीतून झाला. हसा, खुशाल हसा! कुठल्याशा हिवराची शेंग तिनं खाल्ली, चरता चरता बी इथं टाकलं आणि गवतानं मला उन्हापासून लपवून वाढवलं. गवत म्हणजे माझी आईच म्हणा ना. मोठा झाल्यावर मीही पानं बारीकच ठेवली, खाली तिला ऊन मिळावं म्हणून. माझा शेजारी हिवर पार लांब, हाक जेमतेम पोचेल इतक्या अंतरावर. मधे सगळं पवन्या आणि मारवेल गवत, त्यात चंडोलांची घरटी. पावसाचं पाणी त्या गवतात थबकतं आणि सावकाश जमिनीत मुरतं. आमचं बरं चाललं होतं.

नवसाबाई खालच्या वस्तीवरची. दिवाळी झाली की विळा घेऊन येते, गवत कापते, घरामागं गंजी रचते. तिची ढवळी गाय उन्हाळाभर त्यावर जगते. कापताना बाई मुळाला धक्का लावत नाही. माझ्या काट्यांना मात्र तोंडभर शिव्या देते. देऊ दे, बाई चांगली आहे.

मग गेल्या वर्षी पावसाळ्यात ती शहरातली मंडळी आली. शी! तिथल्या द्वारका चौकातून बस भरून, अंगात सारखे हिरवे टी-शर्ट, आणि पुढे त्यांचे शेखर सर. "बघा, केवढी पडीक जमीन! इथं आपण घनदाट जंगल करायचं!" पडीक? अहो, डोळे आहेत की बटणं? गवत उपटून त्यांनी खड्डे केले, रोपं एकमेकांना खेटून कोंबली, फोटो काढले, वडापाव खाल्ले आणि तेलकट कागद माझ्या बुंध्याशी टाकून चालते झाले. पर्यावरण म्हणे!

त्या रोपांत एक जुनिपर होता. नर्सरीतला, पण घराणं थंड डोंगरातलं. ऊन तापायला लागलं तसा तो कासावीस झाला. मला म्हणाला, "काका, आमच्या डोंगरातही असंच असतं म्हणे. झाडं लांब लांब, मधे गवत, गवतात मेंढ्या. मग मला या गर्दीत कशाला कोंबलं?" होळीच्या आसपास तो वाळला. बाकीचीही त्याच्या मागोमाग गेली. पाणी घालायला कुणी फिरकलं नाही.

आणि दोष कुणाचा? गवताचा! आज सकाळी शेखर सर दोघा-तिघा टी-शर्टवाल्यांना घेऊन परत आले. म्हणाले, "हे गवतच रोपांना वाढू देत नाही. उद्या जेसीबी लावून सगळं मुळासकट खरवडून टाकू. आणि हे काटेरी झाडही काढा, मुलांना लागेल." लगेच एकानं माझ्या खोडावर लाल फुली मारली. जंगल करायचं म्हणून झाड तोडणार! असली माणसं बघून किळस येते मला.

नवसाबाई नेमकी कापणीला आली होती. "सायेब, झाडं लावा की, नाय कोन म्हनतं? यंदाचं गवत मी आजच कापून नेते. पन मुळंच काढली तर पुढल्या साली गाईला काय घालू? ती गाभण हाय."

"मावशी, गवत म्हणजे नुसता कचरा. जंगल झालं की तुमचाच फायदा आहे."

"गाय जंगल खात नाय, सायेब."

मागं टी-शर्टवाल्यांपैकी कुणीतरी फिदीफिदी हसलं. सर गाडीत बसून निघून गेले.

माझं सोडा. मला तोडलं तरी मी बुंध्यातून पुन्हा फुटेन, माझी जात चिवट आहे. गवताची मुळं गेली की गेली. अहो शहाण्यांनो, झाडंच लावायचीत ना? मग तुमच्या सोसायटीतल्या फरशा उखडा आणि तिथं लावा! आमचा माळ रिकामा नाही.

नवसाबाई दिवसभर कापत होती. आता तिनं विळा खाली ठेवलाय. पिकलेल्या कणसांतलं बी ओरबाडून ती पदरात भरतेय. "आमच्या बांधावर टाकते," असं पुटपुटली. जा बाई, लवकर जा. सगळं घेऊन जा, यांच्यासाठी काडीसुद्धा ठेवू नकोस.