मांडीवरची जुळी

"कुणी विचारलं, तर तुझ्याआधी कुणी नव्हतं असं म्हणू नकोस. एवढं पाळ. आणि कधी हा देश सोडलास, तर जाताना तिला सांगून जा. नाहीतर ती वाट बघत बसेल."

आईला जाऊन चौदा वर्षं झाली होती. तिचा हा आवाज दिम्यानाला अधूनमधून आठवायचा, पण त्या ऑगस्टात तो रोज सकाळी यायला लागला, तोही नेमका प्रार्थनेच्या वेळी. पहाटेची स्तोत्रं म्हणायला ती पूर्वेकडे तोंड करून उभी राहिली, की तिसऱ्या ओळीला नवरा, नाशिद, दारात हजर. तिथल्या रीतीप्रमाणे दोघं एकमेकांना थोरल्या मुलाच्या, बीशॉयच्या, नावाने हाक मारत: ओम म्हणजे आई, अबू म्हणजे बाप.

"ओम बीशॉय, तुझी जन्मतारीख?"

ती स्तोत्र अर्धवट सोडत नसे. ते संपवून, कपाळाला बोटं लावून, मग हळूच म्हणे, "चौदा सप्टेंबर, एकोणीसशे चौऱ्याहत्तर."

"किती वेळ लावलास. तिथे एवढा वेळ लावलास तर काचेपलीकडचा साहेब म्हणेल, बाई आठवून आठवून सांगतेय."

"मी देवाशी बोलत होते, अबू बीशॉय."

"देवाला तुझी तारीख ठाऊक आहे. साहेबाला नाही."

देवाला ठाऊक होती, हीच तर अडचण होती. पण ती पुढचं स्तोत्र धरी.

नाशिदने नाईलकाठच्या मिन्या शहरात पाटबंधारे खात्यात सव्वीस वर्षं फायली सांभाळल्या होत्या. कालवे त्याने फारसे पाहिले नव्हते. पण कुठल्या कालव्याचा कागद कुठल्या कपाटात, हे त्याला झोपेतून उठवलं तरी सांगता यायचं. आता त्या सव्वीस वर्षांचं सगळं शहाणपण त्याने एका निळ्या फायलीत ओतलं होतं. सतरा वर्षांपूर्वी दिम्यानाच्या भावाने, सफवतने, न्यू जर्सीतून बहिणीच्या कुटुंबाला तिकडे बोलावण्याचा अर्ज भरला होता. तेव्हा बीशॉय दुडुदुडु धावत होता. आता त्याला मिशा होत्या, ऑक्टोबरात एकवीस पूर्ण होणार होती, आणि नियमातल्या साऱ्या वजाबाक्या करूनही त्यानंतर तो आईवडिलांसोबत जाऊ शकणार नव्हता. सतरा वर्षं कुणाला घाई नव्हती. आता अठरा ऑगस्टला कैरोत अमेरिकेच्या वकिलातीत मुलाखत, आणि हाताशी दोन महिने.

त्यात मेरीमातेचे पंधरा दिवसांचे उपास चालू होते. दिम्याना ते दरवर्षी मीठ-पाण्यावर करी. तेल नाही, फळ नाही. भाकर, मीठ, पाणी आणि संध्याकाळी उकडलेला पाला.

"या वर्षी तरी थोडं तेल चालव," नाशिद म्हणाला. "तिथे भोवळ येऊन पडलीस तर लिहितील, बाई आजारी."

"पंचवीस वर्षांत पडले नाही."

"पंचवीस वर्षांत तुला कुणी मुलाखतीला बोलावलं नव्हतं."

गल्लीतल्या कुणीच कधी मुलाखत दिली नव्हती, तरी सल्ला प्रत्येकाकडे होता. वरच्या मजल्यावरची ओम रामी म्हणाली, हसू नका, हसणाऱ्याला ते लबाड समजतात. समोरचा इस्त्रीवाला म्हणाला, हसा, तोंड पाडून उभ्या राहणाऱ्याला ते भुकेकंगाल समजतात. नाशिदने दोन्ही गोष्टी फायलीत लिहून ठेवल्या आणि घरच्यांना अर्धवट हसायची तालीम दिली. सतरा वर्षांची युस्तिना आरशासमोर उभी राहून म्हणाली, "बाबा, यानं मी दाढदुखीची पेशंट दिसतेय." बीशॉय तालमीला येतच नव्हता. "मला जायचंय की नाही, हे कुणी विचारलंय का?" असं म्हणून तो छपरावर कबुतरांकडे निघून जाई. खाली आला, की मात्र हळूच विचारी, "न्यू जर्सीत कबुतरं पाळू देतात का हो?"

मग सफवतचा फोन आला. भाऊ-बहीण असल्याचा पुरावा म्हणून लहानपणीचे फोटो बरोबर न्या, म्हणाला.

लहानपणीचा असा एकच फोटो होता. गावच्या चर्चच्या पायरीजवळ खुर्ची मांडून काढलेला. पट्ट्यापट्ट्यांचा झगा घातलेला, केस पाण्याने चापून बसवलेला सफवत, आणि त्याच्या मांडीवर पांढऱ्या कपड्यातलं, लाल पट्टा बांधलेलं, बाप्तिस्मा होऊन रडून रडून सुजलेलं बाळ. नाशिद खूश झाला. "वा. असा पुरावा कुणाकडे नसेल. सगळ्यात वर लावू."

युस्तिनाने फोटो उजेडात धरला. उलटून पाहिला. पुन्हा सुलटा केला.

"बाबा, मामा आणि आई जुळे ना?"

"हो. दोघांच्या दाखल्यांवर एकच तारीख. लक्षात ठेवायला बरी."

"मग मामाला सगळे दात आलेत, आणि आई अजून दुपट्यात कशी?"

नाशिदने फोटो घेतला. मागे फोटोवाल्याने निळ्या शाईत लिहिलं होतं: नोव्हेंबर १९७८. त्याने चष्मा काढला, पुसला, घातला. शाई बदलली नव्हती.

"ओम बीशॉय," तो शांतपणे म्हणाला. त्याचा आवाज असा शांत झाला, की घरात सगळे भिंतीला लागत. "हे बाळ कोण?"

"मी."

"आणि हा?"

"सफवत."

"जुळा भाऊ."

"त्याची जुळी दुसरी होती," दिम्याना म्हणाली. "तिचंच नाव दिम्याना. अडीच वर्षांची होऊन तापानं गेली. बाबांनी गेल्याचं कळवलं नाही. सरकारी दवाखाना गावापासून दोन तासांवर, आणि जाऊन सांगायचं तरी काय? पुढे मी झाले. बाबा म्हणाले, नाव आहे, दाखला आहे, कशाला पुन्हा खेटे घालायचे. सरकारच्या लेखी एकच मुलगी आली नि राहिली."

छपरावर कबुतरं घुमत होती.

"म्हणजे तू पन्नाशीची नाहीस," नाशिद म्हणाला.

"या महिन्यात सेहेचाळीस पूर्ण झाली."

"आणि मी एकोणपन्नास." तो खुर्चीत बसला. "माझी आई मरेपर्यंत म्हणत राहिली, घोडनवरी सून आणली, घोडनवरी सून आणली. बावीस वर्षं कचेरीत मला बायकोचा धाकटा भाऊ म्हणतात. आणि तू एका शब्दानं बोलली नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"बायकोला कुणी विचारतं का, की बाई गं, तू तूच ना?"

युस्तिनाला हसू फुटलं आणि ते दाबताना ठसका लागला. वडिलांनी नुसतं पाहिलं, तशी ती पाणी प्यायला गेली.

दुसऱ्या दिवशी नाशिदने तोडगा काढला. फोटो घरी ठेवायचा. कागदावर जुळे आहेत, तोंडानेही जुळेच म्हणायचं. कागद कधी स्वतःहून बोलत नाही; बोलतो तो माणूस, आणि फसतोही तोच. हे त्याचं सव्वीस वर्षांचं ब्रह्मवाक्य होतं.

"मी आपणहून काही सांगणार नाही," दिम्याना म्हणाली. "पण विचारलं, तर नाही म्हणणार नाही. आईला शब्द दिलाय."

"तुझ्या आईला अमेरिकेला जायचं नव्हतं."

"माहीत आहे."

"एकदा गाडं अडलं तर ऑक्टोबर उलटेल, हे माहीत आहे? मेलेल्या पोरीपायी जिता मुलगा मागे ठेवणार आहेस?"

ती स्वयंपाकघरात गेली आणि भिजवलेल्या पिठात मीठ घालायला विसरली. उपासाच्या भाकरीत मिठाशिवाय असतं तरी काय. त्या दिवशी सगळ्यांनी माती खाल्ल्यासारखं तोंड करून ती अळणी भाकर गिळली, आणि नाशिदने तेही तिच्या खाती मांडलं.

मुलाखतीच्या चार दिवस आधी ती बाजाराची पिशवी घेऊन निघाली आणि बाजाराऐवजी माहेरच्या गावच्या गाडीत बसली. गावच्या चर्चचे पाद्री, अबूना बिसादा, आता ऐंशीचे होते. त्यांनी कपाटातून बाप्तिस्म्याची जाडजूड वही काढली, बोटाला थुंकी लावून पानं उलटली. चौऱ्याहत्तरच्या डिसेंबरात सफवत, आणि त्याच्याच खाली दिम्याना. मुलाचा बाप्तिस्मा चाळीस दिवसांनी, मुलीचा ऐंशी; जुळी म्हणून मुलालाही मुलीसाठी ऐंशी दिवस थांबवलं होतं. अठ्ठ्याहत्तरच्या पानावर पुन्हा दिम्याना, त्याच बापाची. पहिल्या नावापुढे बारीक क्रूस होता, आणि ती गेल्याची तारीख.

"आम्ही सरकारला सांगत नाही," म्हातारे अबूना म्हणाले, "पण देवाच्या वहीत गोंधळ घालत नाही." दोन्ही पानांचा उतारा त्यांनी शिक्क्यानिशी लिहून दिला. दिम्यानाने तो आणि फोटो आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवले. निळ्या फायलीत नाही.

कैरोत वकिलातीबाहेर सकाळी सहापासून रांग होती. मोबाइल बाहेर ठेवायचे, पट्टे काढायचे, पाण्याची बाटली टाकायची. नाशिदने वाटेत सगळ्यांच्या तारखा तीनदा म्हणून घेतल्या. चौथ्यांदा विचारल्यावर बीशॉय म्हणाला, "बाबा, आता तुमचीच चुकतेय," आणि खरंच चुकली होती. आत खुर्च्या होत्या, थंडगार हवा होती, आणि नंबर पुकारले जात होते, पण क्रमाने नाही, त्यामुळे कुणालाच जागचं हलता येईना. शेजारची बाई कडेवरच्या बाळाला कुरकुरीत बिस्किटं भरवत होती. सारा भुगा नाशिदच्या इस्त्रीच्या पॅन्टवर पडत होता. तो झटकत होता आणि अर्धवट हसत होता.

तीन तासांनी त्यांचा नंबर लागला. काचेपलीकडे तरुण साहेब, त्याच्याशेजारी दुभाषी बाई. उजवा हात वर करून खरं बोलण्याची शपथ झाली. कागद पाहिले गेले. नाशिदने फायलीची पानं इतक्या चपळाईने काढून दिली, की साहेबाने भुवया उंचावल्या. पोलिसांचा दाखला, डॉक्टरांचं पाकीट, लग्नाचा कागद. सगळं ठीक. साहेब टाइप करत होता, आणि काम संपत आल्यावर माणूस सैल होऊन बोलतो तसं काहीतरी बोलला. दुभाषी बाईने हसून सांगितलं, "साहेब म्हणतात, त्यांनाही जुळी बहीण आहे. तुमच्यात आधी कोण जन्मलं, तुम्ही की भाऊ?"

नाशिद ओठ न हलवता पुटपुटला, "भाऊ."

दिम्यानाने पाहिलं. बीशॉय काचेत आपले केस नीट करत होता. एवढा मोठा झाला, तरी मागचा भोवरा काही बसत नव्हता. एक शब्द, फक्त एक, म्हटला की सुटका.

"माझ्याआधी एक होती," ती म्हणाली. "भावाची जुळी ती. मी नाही. मी तिच्या दाखल्यावर वाढले."

दुभाषी बाई थांबली. तिने ते साहेबाला सांगितलं आणि सांगताना स्वतःच मान हलवली. "माझ्या मावशीचंही असंच होतं," ती दिम्यानाला हळूच म्हणाली. साहेबाने टाइप करणं थांबवलं. दिम्यानाने प्रार्थनेच्या पुस्तकातून फोटो आणि उतारा काढून काचेखालच्या फटीतून सरकवले.

त्यानंतर पाऊण तास गेला. साहेब उठून आत गेला, दुसऱ्या साहेबाला घेऊन आला. हे आधी का नाही सांगितलं? "कुणी विचारलं नाही." खरी जन्मतारीख? वडील आहेत का? भावाला हे ठाऊक आहे? प्रत्येक उत्तराला नाशिदचा हात फायलीवर घट्ट होत होता. शेवटी सगळे पासपोर्ट ठेवून घेतले आणि एक पिवळा कागद हातात दिला. आणखी तपासणी. कळवू.

परतीच्या गाडीत अर्ध्या वाटेवरचं बेनी सुएफ येईपर्यंत नाशिद फायलीतले कागद पुन्हा पुन्हा लावत राहिला. मग बोलायला लागला तो मिन्यापर्यंत थांबला नाही.

"चहा विचारावा तसं विचारलं त्यानं. चहा विचारावा तसं. कुणी चहा विचारला तर आपण घराण्याचा इतिहास सांगतो का?"

"मी शपथ घेतली होती."

"मीही घेतली होती. मी काय बोललो? काहीच नाही. त्याला खरं बोलणं म्हणतात."

"बाबा, पुरे," बीशॉय म्हणाला. "राहिलो मागे तर राहिलो. कबुतरं तरी उपाशी मरणार नाहीत." आणि त्याने आईच्या मांडीवर डोकं टेकलं. विशीचा घोडा, पाय सगळे वाटेत.

उपास संपले. सणाला मांस शिजलं, कुणी चवीने खाल्लं नाही. कपडे अर्धे पेट्यांत, अर्धे कपाटात. हवी ती वस्तू नेहमी दुसरीकडे. फ्रीज घेणारं गिऱ्हाईक रोज विचारायला येई आणि रोज एक पेला थंड पाणी पिऊन जाई. ओम रामी म्हणाली, तुम्ही हसला असाल. नाशिदने भिंतीवर ऑक्टोबरपर्यंतचे दिवस लिहिले आणि रोज एक खोडू लागला. तिचं स्तोत्र तो आता अडवत नसे. ते अडवण्यापेक्षाही वाईट होतं.

बारा सप्टेंबरला कुरियरचा माणूस आला. पाकिटात चार पासपोर्ट, चारांतही व्हिसा. बीशॉयचाही.

नाशिदने एकेक पान उघडून, नखाने शिक्के घासून पाहिले. दिम्यानाच्या पानावर तो बराच वेळ थांबला.

"तारीख जुनीच ठेवलीय," तो म्हणाला. "म्हणजे अमेरिकेतही मी धाकटाच."

"तिथे तुमच्या कचेरीतले लोक नसतील."

"सफवत आहे ना. तो पुरेसा आहे." मग चष्मा पुसत, तिच्याकडे न बघता म्हणाला, "त्या अबूनांना काहीतरी पाठवायला हवं. मध वगैरे."

चौदा तारखेला सकाळी घरात पेट्या तोलायचं काम चाललं होतं. नाशिद आकड्याला पेटी टांगून ओरडत होता, की अर्धा किलो जास्त आहे, कुणी मोलोखियाच्या भाजीची वाळलेली पानं परत आत घातली, काढा ती. युस्तिना म्हणत होती, मी नाही. बीशॉय म्हणत होता, मी नाही.

दिम्यानाने पहाटेच भाजलेल्या सहा भाकरी फडक्यात बांधल्या. लाल खजूर वेगळे घेतले, नदीपलीकडच्या कबरस्तानाच्या वाटेवर भेटतील त्या मुलांना मेलेल्या बहिणीच्या नावानं वाटायला. प्रार्थनेचं पुस्तक पिशवीत घातलं, डोक्यावर काळी ओढणी घेतली.

"ओम बीशॉय," आतून आवाज आला, "ती मोठी कात्री कुठे आहे?"

"तुमच्या समोर," ती म्हणाली, आणि पाठीमागे दार ओढून घेऊन पूर्वेकडे जाणाऱ्या होडीच्या घाटाकडे चालू लागली.