मोटारीतला तिसरा हिस्सा

माझ्या नवऱ्याच्या मोटारीत बसायला मला दोन वर्सं लागली, आन् बसले ती बी सरकारी कामानं. हसू नका. आदी आयका.

ह्येंचं नाव मी घेत न्हाई, पन समदा शेवगाव तालुका त्येंना गहिनीनाथ ठेकेदार म्हनायचा. लोकल बोर्डाची कामं घ्यायचे. कुठं रस्त्यावरची मोरी बांध, कुठं शाळंच्या भिंती, कुठं पान्याची हीर. लढाई संपली तवा नगरच्या कॅम्पात जुन्या मोटारींचा लिलाव झाला, त्यातली एक ह्येंनी आनली. हिरवी, वर कापडी टप. आळीतली पोरं, म्हाताऱ्या, कुत्री, समदी बघायला जमली. मी हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आन् पदर खोचून आत बसायला गेले तर ह्ये म्हनाले, "थांब. बसू नगंस."

"का वो?"

"ही धंद्याची मोटार हाय. आबासाहेब वकिलानं सांगितलंय, कामाला फिरली तर पेट्रोल, टायर, दुरुस्ती, समदं नफ्यातनं वजा व्हतंय. घरचं मानूस बसलं की त्येवढा खर्च घरचा. त्येच्यावर इन्कमटॅक बसतोय."

मानूस लई सरळ, त्येच तर दुखनं! दुसरा कोन असता तर बायकोला फिरवून आनली असती आन् वहीत मोरीचं काम लिहून मोकळा झाला असता. ह्येंचं तसलं न्हाई. घरात आले की पायातलं काढायच्या आदी वही. कुठल्या गावाला गेलो, किती मैल, काय काम केलं. एकदा बोधेगावच्या रस्त्यानं परत येताना अर्धा मैल वाट वाकडी करून देवळापाशी उतरून पाया पडले, तर त्यो अर्धा मैल बी कामातनं कापला. देवाला बी सवलत न्हाई म्हना की!

मला मोटारीची हौस हुती, खोटं कशाला बोलू? पन त्येच्याहून मोठी गोष्ट आईची हुती. माझं म्हायेर नेवाश्याचं. आईचे गुडघे आखडलेले, भाऊ उचलून वट्यावर बसवायचा. तिला एकदा प्रवरासंगमाला जायचं हुतं, गोदावरीत पाय बुडवायचे हुते. बाकी काई मागनं न्हाई बिचारीचं. बैलगाडीत घातली की पहिल्या खड्ड्यालाच कळवळायची. दोनदा अर्ध्या वाटंतनं माघारी आनली. मोटारीत मऊ गादी, घटकाभराचं काम. मी ह्येंना म्हनलं की उत्तर ठरल्यालं, "संगमाला माझं काम न्हाई."

एकदा तर कहरच झाला. मी बैलगाडीनं म्हायेराला निघाले हुते. कुकान्याजवळ मागनं भोंगा वाजला. बघते तर ह्येच! पुढच्या गावाला मोरीचं माप घ्यायला निघाल्ते. थांबले, माझ्याकडनं तांब्या घेतला, घटाघटा पानी पिले, "जपून जा" म्हनाले आन् गेले की वो! धुरळा समदा माझ्या नव्या लुगड्यावर. गाडीवान भीमा हसून हसून गाडीतनं पडायचा ऱ्हायला. मी आठ दिस ह्येंच्याशी बोलले न्हाई. ते ह्येंच्या ध्यानातबी आलं न्हाई, त्येचा आनि येगळा राग.

मंग अठ्ठेचाळीस साली नगरच्या इन्कमटॅकच्या सायबानं वही बघितली आन् त्यो काई मानंना. म्हनाला, "मोटार दारात उभी आणि घरचं कुणी बसत नाही? मला पटत नाही. खर्चाचा तिसरा हिस्सा मी घरचा धरणार." ह्येंना ते लई लागलं. पैशापायी न्हाई, खोटं ठरवलं म्हनून. म्हनाले, "सायेब, पुढच्या तारखंला बायकोलाच साक्षीला आनतो."

आता आली का पंचाईत! मी मोटारीत कदी बसले न्हाई, ह्ये सांगायला मला नगरला न्यायची कशी? उतारू नेनारी सर्व्हिस मोटार त्या हप्त्यात बंद पडल्याली. ह्येंनी दोन दिस डोकं खाजवलं, वकिलाला इचारून आले, आन् म्हनाले, "साक्षीदार नेनं ह्ये धंद्याचंच काम हाय. बस. पन मागं बस."

बसले. पदर दातात धरून बसले. तिसगाव मागं पडलं, करंजीच्या घाटात गार वारं तोंडावर आलं, आन् मला रडूच फुटलं. ह्यो वारा आईला लागला पायजे, येवढंच डोक्यात. ह्येंनी माघारी वळून इचारलं, "मोटार लागती का गं?"

मी म्हनलं, "पुढं बघा!"

कचेरीत सायबानं मला खुर्ची दिली. मी उभीच ऱ्हायले.

"बाई, तुम्ही या मोटारीत कधी बसला आहात?"

"बसले की."

ह्येंचं तोंड पांढरं फटक पडलं.

"कधी?"

"आज सकाळी. तुमच्याकडंच याया."

कारकून तोंडावर फाईल धरून हसाया लागला. सायेब बी हसला. "आणि त्याआधी?"

"कदी न्हाई. देवाशपथ." आन् मग त्यो कुकान्याचा धुरळाबी सांगितला. दोन वर्सांचा साचल्याला हुता, समदा झटकला.

सायबानं वही मिटली. "ठीक आहे. पटलं. तिसरा हिस्सा कापत नाही." ह्येंची छाती अशी फुगली म्हनता! पन मी मनात म्हनलं, आता तर सरकारनंच शिक्का मारला. आता जलमात कदी बसायला मिळायचं न्हाई.

मी म्हनलं, "सायेब, एक इचारू का? तुमी त्यो हिस्सा कापला असता, तर मंग आमाला बसता आलं असतं?"

"हो. तेवढी मोटार घरचीच झाली असती."

"मंग कापा."

"अगं!" ह्ये वरडले.

"कापाच सायेब. माझ्या आईला संगमाला न्यायचंय. ती काई आता लई दिस काढत न्हाई."

सायबानं ह्येंच्याकडं बघितलं. "काय ठेकेदार?"

ह्ये माझ्याकडं बघत ऱ्हायले. लगीन झाल्यापासनं येवढा वेळ कदी बघितलं नव्हतं. मंग म्हनाले, "कापा सायेब."

भाईर आल्यावर मी मागचं दार उघडाया लागले, तर म्हनाले, "पुढं बस." घाट उतरल्यावर बोलले, "मी म्हयन्याला तीनशे मैल फिरतो. म्हंजी शंभर तुजे. आता तुला फिरवलं न्हाई, तर ती सरकारशी लबाडी हुईल."

आयतवारी आईला संगमाला नेली. भावानं उचलून पान्याकाठी बसवली. दोनी पाय गोदावरीत सोडून बसली, उठायचं नावच घेईना. वाटंत गादी दाबून दाबून बघत मला म्हनली, "जावई लई मायेचा मिळाला गं." आता काय बोलू? म्हनलं, व्हय. अडीच म्हयन्यांनी ती गेली.

त्या पुढची वर्सं लई सुखाची गेली बघा. पैठण झालं, श्रीगोंद्याच्या नंदंकडं झालं, उगीच वारं खायला करंजीच्या घाटात बी गेलो. मंग कामं वाढली, लेकरं झाली, माझे मैल मागं पडत गेले. मी इसरले. पुढं मोटार भंगारात गेली, ठेकेदारीबी सुटली.

शेवटच्या दुखन्यात ह्ये भिताडाकडं तोंड करून पडले हुते. मला जवळ बोलावलं.

"तुजे तीनशे चाळीस मैल ऱ्हायले बघ," म्हनाले.

मी म्हनलं, "आन् ते न फेडता निघालात कुठं?"

ह्ये हसले. दुसऱ्या दिवशी गेले. एकटेच.