खंडेनवमीचा भोंगा

“कुठल्या हाताने लावलंस ते? तो पुढे कर,” भीमा म्हणाला, आणि महिपतीने खरोखरच उजवा हात पुढे केला. भीमाने लोखंडी पाना हाणला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला, पण मध्ये कोणी पडलं नाही. उलट मागून कोणीतरी महिपतीच्या कमरेत लाथ घातली. तो पडला तसे दहाजण तुटून पडले. पलीकडे, सरकत्या गेटच्या रुळावर, भीमाची बायको चंद्री निपचित पडली होती. तिच्या तोंडातून रक्त येत होतं.

आता हा महिपती कोण, तर चामटोलीचा शेतकऱ्याचा मुलगा. उल्हासनगरच्या क्लासात कॉम्प्युटर शिकून, अठ्ठ्याण्णव साली अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात लागलेला. कुणाच्या अध्यात ना मध्यात. टाकीतली गरमी तिथे सर्व्हरवर दिसायची. पण तो सर्व्हर भारी लहरी! एकदा मुकाट्याने बंद पडला, टाकी उतू गेली आणि टाकीवरच्या नवसू कामगाराचा चेहरा भाजून निघाला. त्याच टाकीवर आता भीमा होता. उद्या याचंही तसंच होईल, या विचाराने महिपतीची झोप उडाली. मासिकाबरोबर आलेली एक सीडी त्याने गेटवरच्या कॉम्प्युटरमध्ये घातली. माउस नाही, चित्रं नाहीत. काळ्या स्क्रीनवर एकेक कमांड टाइप करायची, एक अक्षर चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. पण गड्याने नेटाने तो पहारेकरी प्रोग्राम बसवलाच. त्याचं काम एकच, सर्व्हरला सारखं विचारायचं, ‘आहेस का?’ उत्तर आलं नाही की भोंगा वाजवायचा. भोंगा कारखान्यात एकच होता, गॅसगळतीचा.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी यंत्रांना विश्रांती, हार, हळदकुंकू, आणि कामगारांची बायकामुलं कारखाना बघायला येणार. टाक्या आदल्या दिवशीच रिकाम्या केलेल्या. पॅकिंगमधल्या विठामावशी पूजेचं ताट घेऊन आल्या आणि म्हणाल्या, चालत्या यंत्राला कुंकू लावत नाहीत रे बाबा, ह्यालाही जरा निजू दे. महिपतीने हौसेने सर्व्हर बंद केला, झेंडूचा हार घातला, हातसुद्धा जोडले. गेटवरच्या कॉम्प्युटरमधल्या पहारेकऱ्याला सुट्टी द्यायची मात्र साफ विसरला.

भोंगा झाला. कोणीतरी गॅस म्हणून ओरडलं, आणि मग काय विचारता! ताटं उधळली, सगळा लोंढा गेटवर आला आणि गेट उघडं होतं जेमतेम हातभर. माणसांनी माणसांना ओरबाडलं, ढकललं, पडलेल्यांच्या छातीवर पाय दिले. चंद्री रुळाला अडखळली ती उठलीच नाही. गॅसबिस काही नव्हता, हे वॉचमनने नंतर सांगितलं. भोंगा कुणाच्या कॉम्प्युटरने वाजवला, तेही त्यानेच सांगितलं.

चंद्री इस्पितळात पोचण्याआधीच गेली. पोलिसांनी विचारलं तेव्हा महिपतीने आपण जिन्यावरून पडलो म्हणून सांगितलं. साहेबांनी प्रोग्राम काढून टाकायला लावला. सगळ्यांना हायसं वाटलं, आणि खरं सांगायचं तर महिपतीलाही.

दिवसकार्य उरकून भीमा कामावर आला. डोक्याचं मुंडण केलेलं, डोळे खोल गेलेले. टाकीकडे न जाता तो थेट गेटवरच्या केबिनमध्ये शिरला. महिपतीने प्लास्टरमधला हात पाठीमागे घेतला.

“ते परत लाव,” भीमा म्हणाला.

“साहेब नको म्हणतात, भीमादादा.”

“साहेब चढतो का टाकीवर? घरी दोन पोरं हायेत माझी. त्यांची आई तर गेली. लाव तू.”

महिपतीला रडू कोसळलं. तसाच रडत तो डाव्या हाताने एकेक अक्षर शोधायला लागला. भीमा दाराशी उकिडवा बसून राहिला. याने उठून आणखी चार तडाखे द्यावेत, म्हणजे तरी सुटलो, असं महिपतीला सारखं वाटत होतं. अखेर काम झालं, तशी महिपतीने मान हलवली. भीमाने रबरी हातमोजे चढवले आणि तो टाकीच्या शिडीकडे चालू लागला.